वेळेवर वाजणारा बार

१. शिकारी जातीचा कुत्रा फटाक्यांना का घाबरतो?

लॅब्रॅडॉर पाळणाऱ्या घरांत दर दिवाळीला एक प्रश्न हमखास निघतो. ही तर शिकाऱ्यांची जात, बंदुकीच्या आवाजात वावरण्यासाठीच हिची पैदास झाली. मग पहिला सुतळी बॉम्ब फुटला की आमचा गडी मोरीत जाऊन भिंतीला का चिकटतो?

प्रश्नातली माहिती खरी आहे. न्यूफाउंडलंडहून आलेल्या कुत्र्यांपासून ब्रिटिश जमीनदारांनी एकोणिसाव्या शतकात ही जात घडवली. गोळी लागून पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा, हे तिचे काम. १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. पाण्याची ओढ, दिसेल ती वस्तू तोंडात धरून आणण्याची हौस, माणसाच्या मर्जीत राहण्याची धडपड हे सारे रक्तातून येते. बाराची सवय मात्र रक्तातून येत नाही. काही पिल्ले जात्याच धीट निघतात, काही बुजरी. एवढाच काय तो वारशाचा भाग. बंदुकीचा आवाज आला म्हणजे आता काहीतरी मजेचे होणार, हे प्रत्येक पिल्लाला नव्याने शिकवावे लागते. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरला ते कोणी शिकवलेले नसते. त्याच्या लेखी सुतळी बॉम्ब हा कुठूनही, केव्हाही आणि विनाकारण येणारा धमाका असतो. तो लपतो यात नवल काही नाही.

इंग्लंड-अमेरिकेत हे शिकवण्यासाठी एक छोटे हत्यार वापरतात. त्यातून बार उडतो, पण गोळी सुटत नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धांत धावण्याची शर्यत सुरू करायला वापरतात तेच हे ब्लँक पिस्तूल. ते निवडताना लोक ब्रँड बघतात, किंमत बघतात, मूठ हातात कशी बसते ते बघतात. माझ्या मते बघायची गोष्ट एकच आहे: चाप ओढला त्या क्षणी ते वाजते की नाही. पुढे निवडीचे आणि निगेचे जे काही सांगणार आहे ते सारे या एका कसोटीवर घासून बघा.

२. पक्षी न मारता होणारी स्पर्धा

पक्ष्यांच्या शिकारीत मदत करणाऱ्या कुत्र्यांना बर्ड डॉग म्हणतात. त्यांची कामे वाटून दिलेली असतात. पॉइंटर आणि सेटर गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास घेतात आणि जागच्या जागी थिजतात. नाक पक्ष्याच्या दिशेला, शेपूट ताठ, बहुतेकदा एक पाय उचललेला. स्पॅनियल गवतात घुसून पक्षी उठवतो. लॅब्रॅडॉरसारखे रिट्रीव्हर पडलेला पक्षी आणून देतात.

यांतली सगळ्यात कठीण तालीम पॉइंटर-सेटरची. पक्षी फडफडत उठला, बार झाला, तरी त्याने जागेवरून हलायचे नाही. धन्याने सांगितल्यावरच पाय उचलायचा. ज्या प्राण्याच्या नसानसांत पाठलाग भिनलेला आहे, त्याच्याकडून एवढा संयम घेणे म्हणजे काय, हे ज्याने कुत्र्याला बिस्किटासमोर 'थांब' म्हणून बसवले आहे त्याला कळेल.

अशा कुत्र्यांच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. अमेरिकेतली नॅशनल बर्ड डॉग चॅम्पियनशिप १८९६ साली सुरू झाली आणि १९१५ पासून टेनेसी राज्यातल्या ग्रँड जंक्शनजवळ एम्स प्लांटेशन या मोठ्या इस्टेटीवर भरत आली आहे. परीक्षक घोड्यावर, कुत्र्याचा हँडलर घोड्यावर, मागून येणारे प्रेक्षकही घोड्यावर. कुत्र्याची एक फेरी तीन तासांची असते. कुत्रा बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांचा थवा हुडकून थिजला की हँडलर खाली उतरतो, पुढे चालत जाऊन थवा उठवतो आणि हवेत ब्लँक पिस्तुलाचा बार काढतो. लावे उडून जातात. एकही मरत नाही. कुत्रा हलला की नाही, एवढेच परीक्षक बघतात.

म्हणजे या खेळात पिस्तूल बंदुकीची जागा घेते. तालमीतही तसेच: रोजच्या सरावात खरी बंदूक खर्चाची, धोक्याची आणि पिल्लासाठी फार मोठ्या आवाजाची. म्हणून सुरुवात छोट्या बारापासून होते.

३. आवाजाची ओळख कशी करून देतात?

रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असतात. खाणे मिळण्याआधी एखादी ठरावीक खूण पुन्हा पुन्हा केली, तर पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. (त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी.) बाराची तालीम याच पायावर उभी आहे. इथे खाण्याच्या जागी पक्षी असतो आणि खुणेच्या जागी बार.

क्रम असा. आधी पिल्लाला नुसते पक्षी दाखवायचे. तालमीसाठी पाळलेले कबुतर किंवा लावा सोडला की पिल्लाने जिवाच्या आकांताने मागे धावले पाहिजे. ही ओढ पक्की होईपर्यंत पिस्तूल घरीच राहू द्यायचे. मग एक दिवस मदतनीस सत्तर-ऐंशी पावलांवर उभा राहतो. पक्षी उठतो, पिल्लू मागे सुटते आणि ते पूर्ण वेगात असताना, त्याची पाठ आपल्याकडे असताना, मदतनीस सगळ्यात लहान आवाजाचा एक बार काढतो. एकच.

आता पिल्लाकडे बघायचे. कान किंचित हलला आणि धावणे चालूच राहिले, तर काम झाले. ते थबकले, शेपूट खाली गेली, मागे वळून धन्याकडे आले, तर त्या दिवसाचा बार संपला. पुढचे कित्येक दिवस पुन्हा नुसते पक्षी. सगळे ठीक चालले तर प्रत्येक सरावाला थोडे थोडे अंतर कमी करायचे. ज्या दिवशी खरी बंदूक येते, त्या दिवशी पुन्हा लांबून सुरुवात. जवळ येणे आणि आवाज मोठा होणे या दोन गोष्टी एकाच दिवशी करायच्या नाहीत.

आता फुसक्या बाराचा प्रश्न, कारण पिस्तुलाची सगळी निवड त्याच्याशी येऊन भिडते. समजा पिल्लू धावते आहे, मदतनिसाने चाप ओढला आणि नुसते 'खट्' झाले. याने काही बिघडत नाही. पक्षी दिसला, धावायला मिळाले, पिल्लू खूश. बिघडते ते पुढे. मदतनीस चिडतो, पिस्तुलाकडे बघतो, पुन्हा चाप ओढतो आणि या खेपेला बार उडतो. तोवर पक्षी दिसेनासा झालेला असतो आणि पिल्लू वळून माणसांकडे येत असते. म्हणजे पक्षी नाही, पाठलाग नाही, समोर धनी आणि अंगावर धमाका. महिनाभर जे शिकवायचे त्याच्या नेमके उलटे त्या एका क्षणात शिकवून झाले. बाराला बुजलेली पुष्कळ कुत्री अशाच आडवेळच्या धमाक्याने बुजतात, आणि एकदा बसलेली धास्ती काढणे हे ती न बसू देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे असते. म्हणून नियम: फुसका गेला तर गेला. त्या पक्ष्यावर दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही.

पिल्लाला जेवताना शेजारी ताटल्या बडवणे, पाच-सहा पिल्ले दोरीला बांधून त्यांच्यासमोर बार उडवणे, सवय व्हावी म्हणून नेमबाजीच्या मैदानावर फिरवून आणणे, हे सगळे उपाय जुने आहेत. एखादे धीट पिल्लू त्यातून निभावते आणि मग तो उपाय रामबाण म्हणून सांगितला जातो. बाकीच्या पिल्लांबद्दल कोणी बोलत नाही.

जाता जाता: घरच्या कुत्र्याची फटाक्यांची भीती घालवण्यासाठी ब्लँक पिस्तूल आणण्याचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर तो इथेच सोडून द्यावा. फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज अगदी हळू लावून, सोबत आवडता खाऊ देत, दिवाळीच्या कित्येक आठवडे आधीपासून सवय करणे हा तिथला मार्ग. भीती जास्त असेल तर पशुवैद्य.

४. काडतुसात काय असते?

लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल वाजवले नाही असा मराठी माणूस विरळा. लाल कागदावरच्या टिकलीवर घोडा आपटतो, टिकलीतले मिश्रण ठिणगी पडल्यासारखे पेटते, 'टप्' होते. ब्लँक काडतुसाची टोपी, म्हणजे ज्याला प्रायमर म्हणतात ती, या टिकलीची थोरली बहीण समजा. धातूच्या इवल्याशा वाटीत ठोक्याने पेटणारे मिश्रण भरलेले असते. काही काडतुसांत एवढेच असते. काहींत टोपीपुढे थोडी दारू भरून तोंड चुरगाळून किंवा बूच लावून बंद केलेले असते. गोळी कशातच नसते.

बाजारात मुख्य प्रकार तीन.

पहिला .२२. हा आकडा इंचाचा. ०.२२ गुणिले २५.४ म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर. युरोपात याच घराण्यातले सगळ्यात आखूड काडतूस ६ मिमी म्हणून विकले जाते. त्याचे तोंड ओकच्या फळासारखे निमुळते चुरगाळलेले असते आणि आवाज सगळ्यांत लहान. पिल्लाच्या पहिल्या बाराला हेच योग्य. .२२ मध्ये लांब आणि जोरकस काडतुसेही मिळतात. ती ६ मिमीच्या आखूड घरात बसत नाहीत, आणि ठोकून बसवायचा प्रयत्नही करू नये. पिस्तुलावर जो आकडा कोरलेला असेल तोच आणि तेवढाच.

दुसरा २०९. हा मापाचा आकडा नाही, टोपीचा नमुना क्रमांक आहे. बारा बोअरच्या छऱ्याच्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तीच ही, सुटी. अमेरिकेत काडतुसे घरी भरणारे लोक ती शेकड्याने घेतात, त्यामुळे स्वस्त आणि सहज मिळणारी. आवाज .२२ च्या आखूड काडतुसापेक्षा दणकट. तिचा एक दुर्गुण मात्र पुढे निगेच्या भागात भेटेल.

तिसरा .३२. यात दारू जास्त, आवाज भरदार. उघड्या माळरानावर, वाऱ्यात, शंभर-दीडशे पावलांवरच्या परीक्षकाला आणि कुत्र्याला स्पष्ट ऐकू जावा म्हणून स्पर्धेतले लोक हा पसंत करतात. काडतूस महाग आणि पिस्तूलही वजनदार.

एक चौथी वस्तू दिसायला .२२ सारखी असते आणि तिच्यापासून लांब राहावे: भिंतीत खिळे ठोकणाऱ्या यंत्राची काडतुसे. त्यांच्या टोकाला करडा, तपकिरी, हिरवा, पिवळा, लाल असा रंग असतो आणि त्या क्रमाने जोर वाढत जातो. पक्ष्याऐवजी कुत्र्याने आणून द्यायची कापडी डमी लांब फेकणाऱ्या लाँचरसाठी अशा जातीची काडतुसे वापरतात, त्यामुळे तालीम देणाऱ्याच्या पेटीत ती असूही शकतात. हलक्या धातूच्या पिस्तुलात ती घातली तर पिस्तूल फुटू शकते. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, आणि शक्य तर वेगळ्या पिशवीत.

५. आवाज किती मोठा?

आवाजाचा जोर डेसिबलमध्ये मोजतात. उघड्या जागेत एका छोट्या ठिकाणाहून निघालेल्या आवाजाचा एक सोपा हिशेब आहे: अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी. समजा एका पिस्तुलाचा आवाज एका मीटरवर १४० डेसिबल आहे. दोन मीटरवर १३४, चारवर १२८, आठवर १२२, सोळावर ११६, बत्तीसवर ११० आणि चौसष्ट मीटरवर १०४. वारा, गवत, टेकाड यांनी त्यात फरक पडतो, पण अंदाज बांधायला हे पुरते.

या यादीत दोन गोष्टी दिसतात. पहिली, सुरुवातीची काही पावले सगळ्यांत मोलाची. एका मीटरवरून आठ मीटरवर गेलात तर १८ डेसिबल वाचले. तेवढेच पुन्हा वाचवायला आठवरून चौसष्टवर जावे लागते. तेव्हा कुत्र्याच्या डोक्यावरून बार काढणे कधीही, कितीही तयार कुत्रा असला तरी, टाळायचे. दुसरी, पिस्तूल ज्याच्या हातात आहे त्याच्या कानापासून ते हातभरच असते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत क्षणिक धमाक्यासाठी १४० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे आणि ब्लँक पिस्तुले कानाजवळ ती सहज गाठतात. कानात बोळे घाला. कुत्र्याला ते घालता येत नाहीत, आणि त्याचा कान माणसापेक्षा तिखट: आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंत.

मग निवड कशी करावी? एकच पिस्तूल घ्यायचे असेल आणि हाताशी पिल्लू असेल, तर .२२ घ्यावे, ज्यात आखूड आणि लांब दोन्ही काडतुसे चालतात असे. पिल्लू मोठे होईल तसा तुम्ही काडतूस बदलाल. कुत्रा तयार आहे, फक्त स्पर्धेसाठी हवे, तर .३२. रोज सराव, खिशाला परवडले पाहिजे आणि पाठीशी मोकळे रान असेल, तर २०९. दुकानदार मोठ्या आवाजाची बढाई मारतो. घेणाऱ्याने उलट विचारावे: यातला सगळ्यांत लहान बार कोणता?

६. यंत्र कोणते?

बहुतेक ब्लँक पिस्तुले रिव्हॉल्व्हर असतात, म्हणजे काडतुसांची घरे असलेले सिलिंडर दर बाराला एक घर पुढे सरकते. काहींत काडतुसे एका पट्टीत ओळीने बसवतात आणि पट्टी दर बाराला वर सरकते. खऱ्या पिस्तुलासारखी आपोआप भरून घेणारीही मिळतात. ती दिसायला देखणी, पण बाराच्या जोरावरच पुढचे काडतूस भरून घेतात. बार कमजोर झाला की अडकली. तालमीच्या कामाला मी त्यांना शेवटचा नंबर देईन.

रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा दोन रीती. एकीत आधी अंगठ्याने घोडा चढवायचा, मग हलकेच चाप ओढायचा. दुसरीत नुसता चाप ओढला की घोडा चढतो आणि पडतो. दुसरीचा चाप लांब आणि जड असतो. एका हातात कुत्र्याची दोरी, समोर उठलेला पक्षी आणि बोटाने जड चाप ओढायचा, यात क्षण हुकतो. दोन्ही रीतींनी चालणारे मिळाले तर उत्तम.

गॅस कुठून बाहेर पडतो हे नीट बघा. तालमीच्या पिस्तुलाची नळी बंद असावी आणि गॅस वरून किंवा बाजूने निघावा. हातात धरून, काडतूस न घालता, ती भोके शोधा आणि आपले बोट तिथे येते का ते तपासा.

जुने पिस्तूल घेत असाल तर सिलिंडर बोटांनी हलवून बघा. घोडा चढलेला असताना ते डुगडुगत असेल, तर ठोका काडतुसाच्या नेमक्या जागी पडणार नाही. पुष्कळ स्वस्त पिस्तुलांचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते, पोलादाचे नसते. त्यावर बारीक तडा दिसला की व्यवहार सोडायचा. आणि मग डबाभर काडतुसे उडवून बघा. पन्नासांत एखादा फुसका गेला तर काडतुसाला दोष देता येईल. दहांत एक जात असेल तर? एका सरावात सहा पक्षी उठवता असे धरू. प्रत्येक वेळी बार उडण्याची शक्यता ०.९. सहाही उडण्याची शक्यता म्हणजे ०.९ सहा वेळा स्वतःशीच गुणायचे: सुमारे ०.५३. म्हणजे जवळजवळ दर दुसऱ्या सरावाला एक तरी फुसका. शंभरात एक असेल, तर हाच आकडा ०.९४ येतो. दहात नऊ हे परीक्षेत झकास गुण आहेत, पिस्तुलात नापास.

७. गोळी नसली तरी

१९८४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने 'कव्हर अप' या मालिकेच्या सेटवर ब्लँक भरलेले .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती. काडतुसाच्या तोंडाच्या बुचाने आणि गॅसच्या दाबाने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांत तो गेला. ते उघड्या नळीचे मोठे हत्यार होते. आपले पिस्तूल लहान, नळी बंद. तरी भोकातून निघणारा गॅस हाताला भाजतो आणि डोळा घालवू शकतो.

हात सरळ वर, डोक्याच्या वर; तोंड आकाशाकडे आणि कुत्र्यापासून, माणसांपासून, घोड्याच्या कानापासून दूर. वाळलेल्या गवतात ठिणगीचे भान ठेवा. कमरेला अडकवून चालताना घोडा ज्या घरावर टेकतो ते घर रिकामे ठेवा. सहा घरांत पाचच काडतुसे. फुसका गेला तर तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. काडतूस कधी कधी उशिरा पेटते.

८. निगा

पिस्तूल बिघडले अशी जी तक्रार होते, त्यातली बरीचशी खरे म्हणजे मळाची असते. खऱ्या बंदुकीत गोळी जाताना नळी थोडीफार खरवडून निघते. इथे गोळीच नाही. जे जळते त्याची राख, काजळी, धातूचा चुरा सगळा आतच बसतो, आणि पहिल्या काही बारांनंतर तो दगडासारखा कडक होतो.

२०९ च्या टोप्यांचा दुर्गुण इथेच. बार उडताना टोपी किंचित मागे सरकते. घर मळलेले असेल तर ती मागच्या मागे अडकते, चौकटीला घासते आणि सिलिंडर फिरायचे थांबते. मग माणूस जोर लावतो आणि सिलिंडर फिरवणारा नाजूक खटका झिजवतो. घरात उडालेली टोपी अडकली तर पुढून पितळी किंवा लाकडी काडीने हलकेच ढकलावी. स्क्रूड्रायव्हरने मागून उचकटू नये. आणि न उडालेली टोपी कशानेही ठोकू नये. ती ठोक्यानेच पेटते.

साफ करायची रीत. काडतुसे बाहेर, मग प्रत्येक घर प्रकाशात धरून डोळ्यांनी बघायचे. सिलिंडरचा आस काढून सिलिंडर वेगळे करायचे. बंदूक साफ करायचे द्रावण प्रत्येक घरात लावून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे. मग त्या मापाचा काशाच्या तारांचा गोल ब्रश प्रत्येक घरातून आठ-दहा वेळा फिरवायचा. आधी नुसती कुरकुर ऐकू येते, मग ब्रश सरसर जाऊ लागतो. तो फरक हाताला कळतो. पोलादी तारांचा ब्रश मऊ जस्ताला ओरखडे पाडतो, तो नको. गॅसची भोके पाइप साफ करायच्या लवचीक काडीने मोकळी करायची. घोड्याची सुई ज्या छिद्रातून पुढे येते तिथला मळ जुन्या टूथब्रशने काढायचा. ही जागा सगळे विसरतात, आणि ठोका कमजोर पडण्याचे एक कारण तिथेच असते. शेवटी चिंधीने सगळे कोरडे करायचे. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचे द्रावण वापरू नका, मुलामा उठतो.

काळी दारू भरलेली काडतुसे वापरत असाल तर ही साफसफाई त्याच संध्याकाळी झाली पाहिजे. काळ्या दारूत सोरा असतो. जळल्यावर उरणारे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि एका रात्रीत गंज धरतो. इथे महागड्या द्रावणापेक्षा गरम साबणपाणी सरस. ते क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. धुऊन खडखडीत वाळवायचे आणि मग तेलाचा हात.

आता तेल. हौशी माणसाचा हात इथे सैल सुटतो. आसाला एक थेंब, घोड्याच्या खिळीला एक थेंब, बाहेरून तेलकट चिंधी, बस. काडतुसाच्या घरात तेल राहिले तर ते टोपीत झिरपून मिश्रण निकामी करू शकते. म्हणजे निगा राखल्याच्या समाधानात आपणच फुसका बार तयार केला. घरे कोरडीच हवीत.

.२२ च्या पिस्तुलाचा चाप रिकाम्या घरावर ओढत बसू नये. या काडतुसात ठोका कडेवर पडतो. काडतूस नसेल तर सुई सरळ घराच्या कडेवर आपटते, तिथे खड्डा पडून धातू उचलला जातो आणि पुढे काडतूसच नीट बसत नाही. पाहुण्यांना 'बघू, बघू' म्हणून खटाखट चाप ओढू देणे हे पिस्तूल खराब करण्याचे सगळ्यांत सोपे साधन.

काडतुसे मूळ डब्यातच, कोरड्या आणि गार जागी, कुलपात. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुट्या टोप्या नकोत, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात डबा नको. पावसात भिजलेली काडतुसे वाळवून पुन्हा वापरायचा मोह आवरा. तालमीत नेमकी तीच दगा देतात.

आणि हात. बहुतेक टोप्यांच्या मिश्रणात शिशाचे संयुग असते. बाराच्या धुरात आणि साफ करताना निघणाऱ्या काळ्या पुडीत ते असते. साफसफाई हवेशीर जागी, जुने वर्तमानपत्र पसरून करा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि कुत्र्यालाही हातून खाऊ देऊ नका.

९. कायद्याचे काय?

गोळी सुटत नाही म्हणून कायदा लागू नाही, हा समज परदेशातही महाग पडला आहे. ब्रिटनमध्ये वरून गॅस सोडणारी तुर्की बनावटीची काही ब्लँक पिस्तुले गुन्हेगार खऱ्या शस्त्रात बदलून घेत असल्याचे आढळले. २०२५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी ती आणून देण्याची मुदत जाहीर केली. त्यानंतर ती जवळ बाळगणे गुन्हा. कालपर्यंत दुकानात मिळणारी वस्तू, कुत्र्यांना तालीम देणाऱ्यांनाही परत करावी लागली.

आपल्याकडे दोन कायदे आड येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणेच नाही, तर रानटी प्राणी-पक्षी पकडणे, त्यांचा पाठलाग करणे, त्यांना हाकणे हेही येते. तेव्हा माळावरचे तित्तर-लावे उठवून कुत्र्याला 'थोडा सराव' देणे हा बेत पिस्तुलाशिवायही गुन्ह्यात मोडू शकतो. रिट्रीव्हरला कापडी डमीवर तयार करता येते, पाण्यातही आणि जमिनीवरही, आणि त्यात मजा कमी नाही. दुसरा कायदा १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम. ब्लँक पिस्तूल विकत घेण्याआधी, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगण्याआधी किंवा ऑनलाइन मागवण्याआधी आपल्या पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. विक्रेत्याने 'याला लायसन लागत नाही हो' म्हटले, त्यावर विसंबू नका.